गंज कोण खरवडणार? तरंगती शहरं उभारणाऱ्यांना खुलं पत्र

तरंगत्या शहरांचे आराखडे काढणारे वास्तुविशारद आणि अभियंते, त्यांत पैसा घालणारे गुंतवणूकदार आणि त्यांच्या कागदांवर मंजुरीची सही करणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

२६ वर्षं मी पाण्यावर तरंगणाऱ्या पोलादाची तपासणी केली. मालवाहू जहाजं, बार्ज, तेलविहिरींवरचे तरंगते प्लॅटफॉर्म, बंदरातले पाँटून, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ ठोकळे. टॉर्च घेऊन टाकीत उतरायचं, हातोडीने पत्रा ठोकत जायचं, आवाज बद्द आला की तिथे खडूने गोल करायचा आणि यंत्र लावून जाडी मोजायची. १५ मिलिमीटरचा पत्रा ११ वर आला असेल तर अहवालात ११ लिहायचं, मालकाचा चेहरा कसाही होवो. माझं काम एवढंच होतं आणि ते मी मनापासून केलं.

काही महिन्यांपूर्वी एका नियोजित तरंगत्या वसाहतीच्या जाहीर सुनावणीला मी जाऊन बसलो. आराखडा शंभराहून जास्त पानांचा होता. झाडं, पूल, सायकली, पाण्याकाठी पाय सोडून बसलेली मुलं, सगळं देखणं. सुनावणीच्या आदल्या रात्री मी तो जागून वाचून काढला होता. देखभालीबद्दल त्यात एकच ओळ सापडली: ‘नियमित देखभाल केली जाईल.’ कोण करणार, कधी, कुणाच्या पैशाने, वर माणसं राहत असताना खालचा तळ कसा तपासणार, काही नाही. मी अकरा प्रश्न लिहून दिले. ‘तांत्रिक बाबी पुढच्या टप्प्यात बघू’ असं सांगून कागद फाइलला लावला गेला. पुढचा टप्पा आला तो थेट मंजुरीचाच. माझ्या प्रश्नांना आजतागायत उत्तर नाही.

त्या प्रकल्पाचं नाव इथे घेत नाही, कारण प्रश्न त्या एकाचा राहिलेला नाही. त्यानंतर हाती लागले तेवढे अशा योजनांचे कागद मी वाचले आणि हेच पान प्रत्येकात कोरं दिसलं. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना, आणि उघडपणे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी या कल्पनेच्या विरोधात नाही, माझा तिच्यावर जीव आहे. समुद्र चढतो आहे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी २० सेंटिमीटरने वाढली. उत्सर्जन असंच बेसुमार वाढत राहिलं तर शतकाअखेरीपर्यंत ती १९९५ ते २०१४ या काळातल्या सरासरी पातळीपेक्षा ६३ सेंटिमीटर ते १ मीटरने वर जाण्याची शक्यता तोच अहवाल सांगतो. त्याच संस्थेच्या २०१९ च्या समुद्रविषयक अहवालात सखल किनारपट्टीवर राहणाऱ्यांचा आकडा सुमारे ६८ कोटी दिला आहे, आणि २०५० पर्यंत तो १०० कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. एवढ्या माणसांपुढे मार्ग तरी किती? बांध घालायचे, भराव टाकायचा, मागे सरकायचं, किंवा पाण्याबरोबर वर चढणाऱ्या घरात राहायचं. भराव टाकला की खालचा समुद्रतळ कायमचा गाडला जातो, वाळू दुसरीकडून उपसून आणावी लागते आणि तो भराव पुढे खचतोही. पाँटून कारखान्यात बनतो, ओढून आणता येतो, भरतीला चढतो, ओहोटीला उतरतो, आणि जागा चुकली असं वाटलं तर हलवताही येतो. हा मार्ग हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी मी नाही. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात त्यांच्या यूएन-हॅबिटॅट या शहरविषयक संस्थेने तरंगत्या शहरांवर पहिली गोलमेज बैठक घेतली आणि ओशनिक्स या कंपनीने १०,००० माणसांच्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा ती बातमी मी कापून ठेवली होती. अजून आहे माझ्याकडे.

तरंगण्याबद्दलही मला शंका नाही. मोनॅकोच्या बंदरासमोर २००२ पासून ३५२ मीटर लांबीचा आणि सुमारे १,६०,००० टन वजनाचा काँक्रीटचा लाटरोधक तरंगतो आहे. तो स्पेनमध्ये बांधून समुद्रातून ओढत आणला आणि एका अवाढव्य पोलादी गोल सांध्याने किनाऱ्याला जोडला. १०० वर्षं टिकेल असा हिशोब धरून तो बांधला आहे. जपानमध्ये योकोसुकाजवळ मेगा-फ्लोट नावाची १,००० मीटर लांबीची तरंगती धावपट्टी बांधून २००० साली तिच्यावर खरी विमानं उतरवून पाहिली गेली. ॲमस्टरडॅमच्या स्खोनस्खिप वस्तीत ४६ कुटुंबं एका शांत कालव्यावर राहतात, छतावर सौर पॅनेल लावून. ही सगळी कामं पाहिली की माझ्यातल्या तपासनिसाला खरंच आनंद होतो.

माझी तक्रार तरंगत राहण्याबद्दल आहे. दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं, पहिल्या मालकाचा उत्साह संपल्यानंतर, तिसऱ्या ठेकेदाराच्या काळात.

पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवरात उरोस लोक शेकडो वर्षं तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या बेटांवर राहत आले आहेत. बेटाचा खालचा थर पाण्यात सतत कुजतो, म्हणून वरून नवं लव्हाळं सतत पसरावं लागतं. लव्हाळं कापणं, वाहून आणणं, अंथरणं यातच तिथल्या माणसांचा बराच वेळ जातो. बेट जिवंत आहे कारण त्या कामात खंड पडत नाही. पाण्यावरचं राहणं म्हणजे काय हे त्यांना पक्कं माहीत आहे. तुमच्या आराखड्यात लव्हाळं अंथरणारा माणूस मला कुठे दिसला नाही.

आता मुद्द्यांवर येतो.

पहिला मुद्दा पोलादाचा आणि काँक्रीटचा. समुद्रात सगळ्यांत वाईट जागा तळाची नसते, पाण्याच्या रेषेच्या जरा वरची असते. तिथे पोलाद क्षणात ओलं होतं, क्षणात कोरडं. मीठ बसतं, हवा लागते आणि गंज धरतो. खाली पाण्यात कालवं, शंखशिंपले, बार्नॅकल यांचा थर चढतो. तो खरवडल्याशिवाय पत्रा दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय तपासता येत नाही. काँक्रीट वापरलं म्हणून सुटका होत नाही. खारं पाणी काँक्रीटमध्ये झिरपत आतल्या सळ्यांपर्यंत पोचतं, सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. यावर उपाय आहेत: दाट काँक्रीट, पोलादाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे, विजेचा सौम्य प्रवाह, चांगला रंग. पण यातला एकही उपाय एकदा करून विसरण्यासारखा नाही. जस्ताचे तुकडे झिजतात आणि बदलावे लागतात.

जहाजाचा तळ साधारणपणे पाच वर्षांत दोनदा तपासावा लागतो, त्यासाठी ते बहुधा ड्रायडॉकमध्ये चढतं. माणसं उतरतात, पाणी निघतं, तळ उघडा पडतो. शहर ड्रायडॉकमध्ये कसं चढवणार? त्यावर शाळा असेल, दवाखाना असेल, झाडं लावलेली असतील. पाणबुड्यांकडून खालून तपासणी करता येते, तशी आम्ही केलीही आहे. पण ती करण्यासाठी तळाची रचना पहिल्या दिवसापासून तशी असावी लागते. प्रत्येक टाकीला आत उतरायचं भोक हवं, प्रत्येक पाँटून सुटा करून गोदीत नेता यावा, त्याच्या जागी राखीव पाँटून हवा. तुमच्या चित्रात घराखाली गुळगुळीत निळं पाणी आहे. मॅनहोल दाखवलेलं एकही चित्र मी पाहिलेलं नाही.

हे मी का बोलतो, ते सांगतो. कामगारांच्या मुक्कामासाठी वापरली जाणारी एक बार्ज मी एकदा तपासली होती. एका रिकाम्या टाकीतून जाणारा सांडपाण्याचा पाइप बोटाने दाबला तर आत जाईल इतका गंजला होता. मी खडूने खूण केली, अहवालात लिहिलं. तीन महिन्यांनी त्याच बार्जवर मी दुसऱ्या कामासाठी मुक्कामाला होतो. रात्री दोनच्या सुमारास टेबलावरचा पेला आपोआप सरकत कडेला आला आणि खाली पडला. बार्ज एका अंगाला कलत होती. टाकीत पाणी भरत होतं, त्याच पाइपातून. खाली जाऊन पाहिलं तर माझ्या खडूच्या खुणेवर रंगाचा ताजा हात दिलेला होता. पाइप तोच. साठेक माणसं लाइफजॅकेट घालून डेकवर उभी राहिली, पंप लावले, पहाटेपर्यंत ती सरळ झाली. कुणी दगावलं नाही. पण ती सगळी धडधाकट, प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. तुमच्या शहरात गुडघे धरलेल्या आज्या असतील, रांगती मुलं असतील, नुकतंच ऑपरेशन झालेला कुणी असेल. त्या रात्रीपासून ‘नियमित देखभाल केली जाईल’ हे वाक्य वाचणं मला सहन होत नाही.

समुद्रावरचे मोठे अपघात मोठ्या कारणांनी झालेले नाहीत. उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड हा तेलकामगारांच्या निवासाचा तरंगता प्लॅटफॉर्म होता, तरंगतं हॉटेलच म्हणा. २७ मार्च १९८० रोजी तो उलटला. त्यावरच्या २१२ माणसांपैकी १२३ गेली. कारण शोधताना तपास एका ६ मिलिमीटरच्या वेल्डिंगपाशी जाऊन थांबला. एक लहानसं उपकरण बसवण्यासाठी केलेलं ते वेल्डिंग होतं. तिथून तडा वाढत गेला, प्लॅटफॉर्मच्या पायांना जोडणारी आडवी नळी तुटली आणि पाठोपाठ पायच निखळला. १५ फेब्रुवारी १९८२ रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलँडजवळ ओशन रेंजर हा तेलविहीर खणणारा तरंगता प्लॅटफॉर्म बुडाला, ८४ जण गेले. सुरुवात कुठून, तर लाटेने एका खिडकीची काच फुटली आणि आतल्या बॅलास्ट (तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत भरलेलं पाणी) नियंत्रणाच्या पॅनेलवर पाणी पडलं. सिॲटलचा १९४० सालचा तरंगता पूल नोव्हेंबर १९९० मध्ये दुरुस्ती चालू असतानाच वादळात बुडाला. पाँटूनांत पाणी शिरलं होतं. दुरुस्तीचा काळही धोक्याचा असतो हे त्यातून कळतं. नायजेरियातल्या लागोसच्या माकोको वस्तीतली तरंगती शाळा २०१३ मध्ये उभी राहिली, जगभर तिचं कौतुक झालं, आणि जून २०१६ मध्ये मुसळधार पावसात ती कोसळली. या चार गोष्टी तुमच्या प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर छापाव्यात अशी माझी इच्छा आहे.

दुसरा मुद्दा, ‘समुद्रावर’ या शब्दाचा. जाहिरातीत शहर अथांग निळ्या समुद्रात असतं. प्रत्यक्षात ज्या योजना पुढे सरकल्या, त्या आडोशाच्या पाण्यात आहेत. मालदीवची २०,००० माणसांची तरंगती वसाहत मालेजवळच्या सुमारे २०० हेक्टरांच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आडोशातल्या उथळ पाण्यात, आखली आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेला दक्षिण कोरियातल्या ओशनिक्स बुसानचा आराखडा ६.३ हेक्टरांवर १२,००० माणसांसाठी आहे, तोही बंदराच्या आत. हा शहाणपणाचाच निर्णय आहे. तो मोठ्याने सांगा, एवढंच म्हणणं. कारण खुल्या समुद्राचं गणित पूर्ण वेगळं आहे. खोल पाण्यात १० सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर असते, १४ सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरच्या वर. लाट शहराच्या तुकड्याएवढी लांब झाली की तो तुकडा तिच्यावर स्वार होतो, आणि दोन तुकड्यांमधल्या सांध्यावर सगळा ताण येतो. उत्तर समुद्रातल्या ड्रॉप्नर प्लॅटफॉर्मवर १ जानेवारी १९९५ रोजी २५.६ मीटर उंचीची एक लाट मोजली गेली. तिच्यापुढे सात मजली इमारतही ठेंगणी. शिवाय माणसाचं पोट. पाच-सहा सेकंदांना एक असं वरखाली होणं शरीराला सर्वांत जास्त मळमळवतं. खलाशी त्याला सरावतात, तरी सगळे सरावत नाहीत. गरोदर बाईने, आजारी माणसाने, अभ्यास करणाऱ्या मुलाने वर्षभर ते सोसावं असं कुणी म्हणू नये.

आडोशाचं पाणी घेतलं की तिसरा मुद्दा उभा राहतो. ते पाणी उथळ असतं, हळू बदलतं, आणि जिवंत असतं. १०,००० माणसांना माणशी १०० लिटर धरले तर दिवसाला १० लाख लिटर गोडं पाणी लागेल. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढायला घनमीटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज खर्च होते, म्हणजे दिवसाला ३,००० ते ४,००० युनिट. अर्ध्या हेक्टरच्या आसपास सौर पॅनेल लावले तर तेवढी वीज मिळू शकते. हे जमणारं आहे आणि तुम्ही ते खरंच सांगता. पण प्रत्येक लिटर गोड्या पाण्यामागे लिटरभराहून जास्त दाट खारं पाणी परत सोडावं लागतं, ते जड असल्यामुळे तळाशी बसतं, आणि तुमच्याच पाँटूनांच्या सावलीमुळे आधीच उजेड कमी झालेल्या प्रवाळावर आणि समुद्री गवतावर साचतं. याचा हिशोब आराखड्यात नाही.

मैल्याचाही नाही. जहाजांच्या प्रदूषणासाठी मार्पोल करार आहे. त्यात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे जहाजाला प्रक्रिया न केलेला मैलाही सोडायची मुभा आहे, पण अट अशी की जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असलं पाहिजे. मैला पसरून विरळ व्हावा हा त्यामागचा विचार. तुमचं शहर चालणार नाही. ते आयुष्यभर एकाच जागी, स्वतःच्याच सांडपाण्यात उभं असणार. त्यामुळे जहाजांचे नियम उचलून शहराला लावून चालणार नाही. त्याला जमिनीवरच्या शहरापेक्षाही कडक नियम हवेत.

अन्नाबद्दल थोडक्यात. ओशनिक्सच्या मूळ कल्पनेत ७५ हेक्टरांत १०,००० माणसं आहेत, माणशी ७५ चौरस मीटर, घर-रस्ते-बागा सगळं धरून. जगात माणशी शेतजमीन १,७०० चौरस मीटरच्या आसपास आहे. भाजीपाला, शेवाळ, शिंपले, थोडे मासे तुम्ही पिकवाल, धान्य बाहेरूनच येणार. त्यात कमीपणा काही नाही, कुठलंही शहर तसंच जगतं. पण मग ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द छापू नका. घर घेणारा त्यावर विश्वास ठेवतो, आणि वादळात आठ दिवस बोट आली नाही तर त्याच्या घरात काय असेल याचा विचार कुणीच केलेला नसतो.

चौथा मुद्दा कायद्याचा, आणि इथे मला सर्वांत जास्त राग आहे. तुमच्यातले काही जण लोकांना सांगतात की समुद्रावर गेलं की कुठल्याच सरकारचं बंधन नाही, नवा देश उभा राहील. हे खोटं आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं ६० वं कलम उघडून वाचा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात कृत्रिम बेट बांधायचा आणि त्याला परवानगी द्यायचा अधिकार फक्त किनारी देशाला आहे. कृत्रिम बेटाला बेटाचा दर्जा मिळत नाही, त्याला स्वतःची सागरी हद्द नसते. त्या पलीकडच्या खुल्या समुद्रावर कुणालाही सार्वभौमत्व सांगता येत नाही, हे ८९ वं कलम सांगतं. १९६८ मध्ये इटलीच्या रिमिनीसमोर ४०० चौरस मीटरच्या एका प्लॅटफॉर्मवर ‘रोझ आयलंड’ हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर झालं, १९६९ मध्ये इटलीच्या नौदलाने ते उडवून दिलं. २०१९ मध्ये थायलंडच्या फुकेतजवळ एका जोडप्याचं तरंगतं घर तिथल्या नौदलाने जप्त करून ओढून नेलं, सार्वभौमत्वाला धोका असा त्यांच्यावर ठपका आला. समुद्रावर स्वतंत्र वस्त्या उभारू पाहणाऱ्या सीस्टेडिंग इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियाशी सामंजस्य करार केला, पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने हात काढून घेतला. २०२० मध्ये काहींनी जुनं क्रूझ जहाज घेऊन ते पनामाजवळ तरंगती वस्ती म्हणून ठेवायचं ठरवलं. जहाज मिळालं, विमा मिळाला नाही, आणि बेत बारगळला. विमा कंपनीला जो धोका दिसतो, तो घर विकत घेणाऱ्या शिक्षकाला किंवा नर्सला कसा दिसणार?

कायदा मानणाऱ्या योजनांतही प्रश्न उरतोच. रहिवासी मतदान कुठे करणार? भाडं वाढवलं तर दाद कुणाकडे? पाँटून कंपनीचा आणि घर माझं असं असेल, आणि कंपनी बुडाली, तर माझ्या घराखालच्या पाँटूनवर सावकाराचा ताबा येणार का? जहाजावर कॅप्टनचा शब्द अंतिम असतो. तुमच्या शहरात वादळाच्या रात्री ‘सगळ्यांनी उतरा’ हा हुकूम कोण देणार, महापौर की कंपनीचा मॅनेजर? हे माझ्या अकरा प्रश्नांपैकी चार आहेत.

पाचवा मुद्दा: घरं कुणासाठी? सादरीकरण सुरू होतं ते बुडणाऱ्या बेटांच्या फोटोंनी, आणि संपतं ते बुटीक हॉटेलांनी. ६८ कोटी माणसांना १०,००० च्या शहरांत बसवायचं तर ६८,००० शहरं लागतील. तेव्हा सगळ्यांची सोय होईल असं कुणी समजू नये. जी काही थोडी घरं होतील, त्यांवर पहिला हक्क ज्यांची जमीन खरोखर जाते आहे त्यांचा असायला हवा. व्हिएतनामच्या हालाँग उपसागरात पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर राहणारी कोळी कुटुंबं २०१४ मध्ये किनाऱ्यावर हलवली गेली. पाण्यावर राहण्याचं ज्ञान ज्यांच्या हाडीमांसी आहे त्यांना जगभर किनाऱ्यावर ढकललं जातं, आणि ज्यांनी कधी दोरखंडाला गाठ मारली नाही त्यांना पाण्यावरची घरं विकली जातात. मला हे बघवत नाही.

शेवटचा मुद्दा शेवटाचाच. १९७५ च्या ओकिनावा सागरी प्रदर्शनासाठी जपानने ॲक्वापोलिस बांधलं, १०० मीटर बाय १०० मीटरचा तरंगत्या शहराचा नमुना, भविष्य म्हणून मिरवलेला. १९९३ मध्ये ते बंद पडलं आणि २००० साली भंगारात काढायला शांघायला ओढून नेलं. निदान ते ओढून न्यायला कुणीतरी होतं. तुमच्या शहराचं आयुष्य संपेल तेव्हा ओढून न्यायचे पैसे कुणाकडे असतील? सागरी करार सांगतो की वापर संपलेली रचना काढून टाकली पाहिजे. कंपनी उरली नाही तर ती तिथेच गंजत, तुटत, मासेमारीच्या वाटेत पडून राहील.

तेव्हा माझ्या मागण्या या.

पहिली घरं विकण्याआधी ५० वर्षांचा देखभाल आराखडा जाहीर करा. कुठला पत्रा, कुठली साखळी, कुठला सांधा कधी तपासणार, कोण तपासणार आणि बदलायचा झाला तर रहिवासी कुठे राहतील, हे त्यात नाव-तारखेसह असू द्या. त्यासाठीचा निधी पहिल्या दिवशी वेगळ्या खात्यात ठेवा, कंपनीच्या हाताबाहेर. मोडून काढायचा खर्चही त्याच खात्यात.

तपासणी स्वतंत्र वर्गीकरण संस्थेकडून, म्हणजे जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून, करून घ्या, आणि तिचा प्रत्येक अहवाल रहिवाशांना वाचायला मिळू द्या. जहाजाचा अहवाल मालकाकडे जातो, कारण जहाज त्याचं असतं. इथे त्या तळाच्या वर लोक झोपतात. जाडीचे आकडे त्यांच्या दारावर लागले पाहिजेत.

खुल्या समुद्रातल्या शहराचं नाव घेण्याआधी आडोशाच्या पाण्यात, किनाऱ्याला जोडलेली, लहान वस्ती दहा वर्षं चालवून दाखवा. त्या दहा वर्षांत काय काय मोडलं, तेही छापा. माझ्या पेशात आम्ही जे काही शिकलो ते बुडालेल्या जहाजांच्या चौकशी अहवालांतून शिकलो.

मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांना वेगळं सांगतो. तरंगत्या वस्तीसाठी जहाजाचे नियम लावायचे की इमारतीचे, या घोळात फाइल पुढे ढकलू नका. जिथे जो नियम जास्त कडक असेल तो लावा. सांडपाण्याचा एक थेंबही प्रक्रियेविना पाण्यात जाणार नाही ही अट मंजुरीपत्रातच लिहा. रहिवाशांचं नागरिकत्व, मतदान, भाडं, मालकी आणि वादळात हुकूम देण्याचा अधिकार हे सगळं करारात स्पष्ट असल्याशिवाय एकाही घराची नोंदणी होऊ देऊ नका.

आणि घरांचा ठरावीक वाटा समुद्राने ज्यांची जमीन घेतली त्यांच्यासाठी राखून ठेवा, त्यांना परवडेल अशा दरात. पाण्यावर राहत आलेल्या लोकांना सल्लागार म्हणून नेमा आणि त्या कामाचे पूर्ण पैसे द्या.

माझे अकरा प्रश्न पुन्हा पाठवतो आहे. उत्तर मला एकट्याला नको, सुनावणीला आलेल्या सगळ्यांना द्या. तिथे माझ्या शेजारी एक तरुण जोडपं बसलं होतं, कडेवर वर्षाचं मूल. आराखड्यातलं पाण्याकाठचं घर बोटाने दाखवून ती बाई नवऱ्याला म्हणाली, ‘हे घेऊ या.’ त्यांना निदान पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या: त्या घराखालच्या टाकीत पहिल्यांदा कोण उतरणार, आणि कुठल्या वर्षी?

कळावे,

आपला,
एक निवृत्त जहाज-तपासनीस